सारा गाव मामाचा : सामायिक गुणवत्तेची पुस्तकं आणि एकटा टेस्टर

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मीटिंगांमध्ये गेली पंधरा-वीस वर्षं एक वाक्य फिरतं आहे : गुणवत्ता ही सगळ्या टीमची जबाबदारी. या वाक्याला विरोध करणं अवघड. गुणवत्ता ही एकट्यादुकट्याचीच जबाबदारी, असं कोण म्हणेल? पण मराठीत नेमकं याच्या उलट सांगणारी जुनी म्हण आहे : सारा गाव मामाचा, एक नाही कामाचा. म्हण खरी की वाक्य खरं, हा प्रश्न नुसता गमतीचा नाही. त्याच्या उत्तरावर बऱ्याच जणांची रोजीरोटी अवलंबून आहे. शिवाय गुणपत्रिका, सातबारा, रेशन, बँकेतली शिल्लक अशा ज्या गोष्टी आपण सॉफ्टवेअरवर सोपवून बसलो आहोत, त्यांचा भरवसाही त्यावरच आहे.

या वाक्यामागे एक साहित्य आहे. ‘साहित्य’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. टेस्टिंगवरची पुस्तकं आपल्याकडे समीक्षेचा विषय होत नाहीत. ती ‘टेक्निकल’ म्हणून वेगळ्या फळीवर जातात. पण त्यांत माणसांविषयीच्या कल्पना ठासून भरलेल्या असतात. माणूस स्वतःच्या कामाकडे कसा बघतो, चूक दाखवणाऱ्याशी कसा वागतो, चार जणांत वाटलेली जबाबदारी कुठे झिरपून जाते, याची उत्तरं ही पुस्तकं गृहीत धरून चालतात. ती गृहीतकं तपासायला हवीत. त्यासाठी मी इथे चार पुस्तकं घेतली आहेत : ग्लेनफर्ड मायर्सचं ‘दि आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ (१९७९), डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंगचं ‘आउट ऑफ द क्रायसिस’ (१९८६), लिसा क्रिस्पिन आणि जॅनेट ग्रेगरी यांचं ‘अजाईल टेस्टिंग’ (२००९), आणि जेम्स व्हिटेकर, जेसन आर्बन, जेफ कॅरोलो यांचं ‘हाऊ गूगल टेस्ट्स सॉफ्टवेअर’ (२०१२). ती तपासायला मी जी जागा निवडली आहे तिचा सॉफ्टवेअरशी वरवर काही संबंध नाही. ती आहे कर्जत आणि खालापूर, म्हणजे बोरघाटाचा पायथा.

संशयाचं पुस्तक

मायर्सचं पुस्तक एका छोट्या परीक्षेने सुरू होतं. एक प्रोग्रॅम तीन पूर्णांक घेतो, त्यांना त्रिकोणाच्या बाजू समजतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. याची चाचणी कशी कराल ते लिहून काढा, असं तो वाचकाला सांगतो आणि मग चौदा प्रश्नांची यादी देतो. एक बाजू शून्य दिली तर? ऋण दिली तर? १, २, ३ दिले तर? या तीन बाजूंचा त्रिकोण होतच नाही. मुरलेल्या प्रोग्रॅमरांनाही या चौदांपैकी सरासरी ७.८ गुणच मिळतात, असं मायर्स नोंदवतो.

या एका प्रसंगात त्याचं सगळं तत्त्वज्ञान आहे. टेस्टिंग म्हणजे प्रोग्रॅम चालतो हे दाखवणं नव्हे, तर तो कुठे मोडतो ते शोधायला निघणं. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने तो स्वतः तपासू नये. त्याच्या प्रामाणिकपणावर मायर्सला शंका नाही. तो मनाच्या घडणीविषयी बोलतो आहे. बांधणाऱ्याच्या डोक्यात घर कसं उभं राहील याचंच चित्र असतं, ते कसं पडेल याचं नसतं. लिहिणाऱ्या कुणालाही हे पटेल. आपल्या लेखातली चुकलेली वेलांटी आपल्याला दहा वाचनांत दिसत नाही आणि मुद्रितशोधकाला पहिल्याच वाचनात दिसते.

पण मायर्सचा हा विचार कंपन्यांनी उचलला तो भिंतीच्या रूपात. लिहिणारे एका मजल्यावर, तपासणारे दुसऱ्या मजल्यावर. लिहिणाऱ्यांनी महिनाभर काम करायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी ते भिंतीपलीकडे टाकायचं. रिलीजची तारीख ठरलेली, त्यामुळे आधीच्या सगळ्यांना झालेला उशीर टेस्टरच्या वेळातून कापला जायचा. टेस्टरची कामगिरी त्याने नोंदवलेल्या बगांच्या संख्येवर मोजली जायची आणि डेव्हलपरची, तेच बग ‘बग नाहीत’ असं सिद्ध करण्यावर. सॉफ्टवेअर मात्र दोघांच्या भांडणात तसंच राहायचं. त्या काळाविषयी हळहळण्यात अर्थ नाही. भिंत पडायलाच हवी होती.

भिंत पाडणारे

भिंत पाडणाऱ्यांचा मूळपुरुष डेमिंग. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांना शिकवणारा हा संख्याशास्त्रज्ञ. त्याच्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांपैकी तिसरा मुद्दा सांगतो की शेवटी तपासणी करून गुणवत्ता येत नाही. माल तयार झाला तेव्हाच तो बरा की वाईट हे ठरलेलं असतं, म्हणून तपासणीवर विसंबणं सोडा आणि मुळात काम करण्याची पद्धत सुधारा. सॉफ्टवेअरवाल्यांनी हा मुद्दा डोक्यावर घेतला. टेस्टिंगचा वेगळा विभाग बंद करताना कोणी ना कोणी डेमिंगचं नाव घेतंच.

त्याचा दहावा मुद्दा मात्र कोणी घेत नाही. कामगारांपुढे घोषणा आणि फलक नाचवणं बंद करा, असं तो मुद्दा सांगतो, कारण बहुतेक दोष हे व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलण्याची ताकद कामगाराकडे नसते, ती व्यवस्थापनाकडे असते. ‘गुणवत्ता सगळ्यांची’ हे वाक्य आज कंपन्यांच्या भिंतींवर पोस्टर म्हणून लागतं. तिसऱ्या मुद्द्याच्या नावाने दहाव्याचा असा भंग होतो. गुणवत्तेचा दुसरा अभ्यासक आर्मंड फायगेनबॉम. सबंध कारखान्याने गुणवत्ता सांभाळावी हा विचार मांडणारा तोच, पण पन्नाशीच्या दशकातच त्याने बजावून ठेवलं होतं की सगळ्यांचं काम हे कोणाचंच काम न राहण्याचा धोका असतो, म्हणून हे काम पाहणारी एक स्वतंत्र, अधिकार असलेली जागा हवीच. म्हणजे आपली म्हण त्याला ठाऊक नव्हती, पण कळलेली होती.

क्रिस्पिन आणि ग्रेगरी यांचं ‘अजाईल टेस्टिंग’ हे या चौघांतलं सगळ्यात माणुसकीचं पुस्तक. टेस्टर शेवटी उभा असलेला जकातवाला नाही, तो पहिल्या दिवसापासून चर्चेत हवा, असं त्या सांगतात. ग्राहकाला नेमकं काय हवंय हे उदाहरणांनी स्पष्ट करायचं, डेव्हलपरने स्वतःच्या चाचण्या स्वतः लिहायच्या, कंटाळवाणी पुनरावृत्ती यंत्राला द्यायची आणि टेस्टरने आपलं डोकं शोधक कामासाठी मोकळं ठेवायचं. हे सगळं योग्य आहे आणि जिथे ते खरोखर झालं तिथे कामात फरक पडला आहे. चूक तीन महिन्यांनी कळण्याऐवजी तीन तासांत कळते.

ब्रायन मॅरिकच्या मूळ कल्पनेवरून त्यांनी चाचण्यांचे चार चौकोन आखले आहेत. त्यांतले दोन टीमला आधार देण्यासाठी, आणि उरलेले दोन कशासाठी, तर उत्पादनाची ‘क्रिटिक’, म्हणजे समीक्षा करण्यासाठी. साहित्याच्या वाचकाने इथे थबकावं. टेस्टिंगच्या निम्म्या नकाशावर समीक्षा असं नाव लिहिलेलं आहे. आणि समीक्षेविषयी आपल्याला एक गोष्ट चांगली ठाऊक आहे : लेखक, प्रकाशक आणि समीक्षक एकाच बाकावर बसले की परीक्षणाचा मलपृष्ठावरचा मजकूर होतो. मैत्रीला हरकत नाही, एकत्र चहालाही नाही. पण ‘हे छापण्याजोगं नाही’ म्हणताना ज्याला आपल्या नोकरीचा विचार करावा लागतो, तो समीक्षक उरत नाही.

पुस्तकाची उणीव इथे आहे. त्यातली टीम ही बरोबरीच्या माणसांची टीम आहे. टेस्टर स्टँडअपमध्ये बोलतो आणि सगळे ऐकतात. आपल्याकडच्या, विशेषतः परदेशी ग्राहकांची कामं घेणाऱ्या कंपन्यांमध्ये ही बरोबरी कधीच नव्हती. ‘मला टेस्टिंगला टाकलं’ हे वाक्य तक्रार म्हणूनच बोललं जातं. ‘मुलींना टेस्टिंग बरं’ हे वाक्य तर सल्ला म्हणून बोललं जातं आणि त्यातला अपमान बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. जिथे टेस्टरचा शब्द हलका आहे तिथे भिंत पाडली तर टेस्टर डेव्हलपरच्या बरोबरीला येत नाही, तो नुसता दिसेनासा होतो. भिंत वाईट होती, पण भिंतीच्या पलीकडे निदान त्याची एक खोली होती.

गूगलची कबुली

‘हाऊ गूगल टेस्ट्स सॉफ्टवेअर’ हे पुस्तक थोडं फुशारकीचं वाटतं, पण शेवटपर्यंत वाचल्यास सगळ्यात प्रामाणिक ठरतं. गूगलमध्ये टेस्टर कमी, कारण लिहिणाऱ्यानेच तपासायचं. टेस्टिंगवाल्यांतले काही चाचणीची यंत्रणा उभारणार, काही वापरणाऱ्याच्या बाजूने विचार करणार, अशी मांडणी. गुणवत्ता म्हणजे टेस्टिंग नव्हे, हे त्यांचं मुख्य सूत्र. लांबलचक टेस्ट प्लॅन कोणी वाचत नाही, तेव्हा दहा मिनिटांत लिहिता येईल तेवढाच लिहा, ही सूचना तर कुठल्याही सरकारी कचेरीत लावावी अशी आहे.

शेवटी मात्र लेखक आपल्याच पद्धतीतले दोष मोजायला बसतात. टेस्टर आहेत म्हटल्यावर डेव्हलपर कुबडी मिळाल्यासारखे सैल होतात. लिहिणारे आणि तपासणारे यांच्यातली संघटनेची फट दोघांना एका उत्पादनाचे होऊ देत नाही. टेस्टर प्रत्यक्ष सॉफ्टवेअरपेक्षा आपल्या चाचण्यांच्या कागदांवर जास्त प्रेम करू लागतात. आणि एवढं सगळं करूनही बग बाहेर जातातच, ते सापडतात वापरणाऱ्यांना. यातून ते निष्कर्ष काढतात की टेस्टर ही वेगळी ओळखच हळूहळू विरघळावी.

निदान मला पटतं, औषध नाही. कागदांवर प्रेम करणारा टेस्टर निरुपयोगी आहे, हे खरं. पण त्यावरून न-विश्वास-ठेवणाऱ्या माणसाची जागाच नको, हे सिद्ध होत नाही. शिवाय हे अनुभव ज्या कंपनीचे आहेत तिचं उत्पादन आज चुकलं तर उद्या दुरुस्त होऊन कोट्यवधी लोकांपर्यंत पोचतं आणि लोक विसरतात. ब्राउझरची खिडकी एकदा नीट उघडली नाही तर ती पुन्हा उघडता येते. पण सगळंच पुन्हा उघडता येत नाही.

सगळे पाहतात तेव्हा

मायक्रोसॉफ्टने २०१४च्या सुमारास टेस्टरची वेगळी भूमिका मोठ्या प्रमाणावर मोडीत काढून ती डेव्हलपरांच्या कामात मिसळली. त्याच वर्षी ‘विंडोज इनसायडर’ योजना सुरू झाली. हौशी वापरणाऱ्यांनी नवी आवृत्ती आधी वापरावी आणि अडचणी कळवाव्यात. सारा गावच टेस्टर झाला म्हणायचा. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फायली त्यांच्या संगणकावरून कायमच्या पुसल्या गेल्या. काही दिवसांतच वाटप थांबवावं लागलं आणि ते पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. असा फटका बसल्याच्या तक्रारी दहा हजारांत एक इतक्या कमी होत्या, असं कंपनीने सांगितलं.

यातला बोचणारा भाग असा की हा दोष कोणाला दिसलाच नव्हता असं नाही. काही इनसायडरांनी तो आधीच कळवला होता. पण त्या तक्रारीला फार मतं पडली नव्हती, म्हणून ती ढिगाऱ्यात खाली राहिली. नंतर कंपनीने तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय केली. म्हणजे पाहणारे हजारो होते. कमी होता तो एक माणूस, ज्याचं कामच ‘एकाच्याच फायली गेल्या असतील, पण फायली गेल्या म्हणजे काय?’ असं विचारायचं आहे. मतमोजणीने लोकप्रियता कळते. गांभीर्य कळायला कोणीतरी वाचावं लागतं.

दुसरं उदाहरण १९ जुलै २०२४चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडच्या विमानतळांवरही त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या अपडेटची तपासणी झाली नव्हती असं नाही. यंत्राने ते तपासलं आणि पास केलं. एका बाजूला २१ माहितीखान्यांची अपेक्षा होती, दुसरी बाजू २०च पुरवत होती, आणि आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या खान्यात ‘काहीही चालेल’ असं असल्याने ती तफावत कधी उघडी पडलीच नाही. मायर्सच्या त्रिकोणाचाच हा प्रश्न : एक बाजू दिलीच नाही तर?

मायकेल बोल्टन आणि जेम्स बाख हे टेस्टिंगवर लिहिणारे दोघे ‘चेकिंग’ आणि ‘टेस्टिंग’ यांत फरक करतात. आधी ठरवलेलं उत्तर येतं का ते पाहणं म्हणजे चेकिंग. ते यंत्राला द्यावं. आपण काय विचारायलाच विसरलो हे शोधणं म्हणजे टेस्टिंग, आणि त्याला माणूस लागतो. क्राउडस्ट्राइकच्या फाइलचं चेकिंग झालं होतं. आता कोड आणि त्याच्या चाचण्या दोन्ही एकच एआय लिहून देऊ लागलं आहे, तेव्हा हा फरक आणखी महत्त्वाचा होतो. एकाच डोक्यातून कोड आणि त्याचा संशय दोन्ही आले, की संशय कोडशी सहमत असतो.

२०१७चा निकाल

अमेरिकेतली उदाहरणं वाचून ‘आपल्याला काय’ म्हणायची सोय महाराष्ट्राला नाही. २०१७च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी लॉगिन करून गुण द्यायचे. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा, एका झटक्यात. कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत लागायला हवे होते ते निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली. काही उत्तरपत्रिका सापडेनात. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात हे पहिल्यांदाच घडलं.

कर्जत आणि खोपोलीची महाविद्यालयं याच विद्यापीठाची. तिथल्या मुलाला निकालाअभावी पुढचा प्रवेश घेता येत नव्हता, तेव्हा त्याच्या दृष्टीने ‘सर्व्हर डाउन’ हा तांत्रिक शब्द नव्हता. वर्ष जाण्याची भीती होती. ब्राउझरची खिडकी पुन्हा उघडते, हुकलेला प्रवेश पुन्हा उघडत नाही.

या प्रकरणाकडे टेस्टिंगच्या चष्म्यातून पाहिलं तर काय दिसतं? जबाबदारी पुरेपूर वाटलेली होती. विद्यापीठ होतं, कंत्राटदार होता, स्कॅनिंग करणारे होते, महाविद्यालयं होती, हजारो प्राध्यापक होते. लॉगिन होत नाही, पानं नीट दिसत नाहीत, भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका समोर येते, अशा प्राध्यापकांच्या तक्रारी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत होत्या. म्हणजे बग सापडत होते, नोंदवलेही जात होते. नव्हता तो ‘हे तयार नाही, या वर्षी कागदावरच तपासा’ असं वेळेत म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस. चौकशी झाल्यावर जबाबदारी शेवटी एकाच खुर्चीवर येऊन पडली. सामायिक जबाबदारीचा हिशेब बहुधा असाच संपतो : काम चालू असताना सगळ्यांची, बिघडल्यावर एकाची.

सांधा कोणाकडे

आता घाट. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली. चढ काही ठिकाणी सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, हे वडापाव खाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला माहीत असतं. उतरताना काय होतं याकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा जागी थांबते. तिथे प्रवासी चढत नाहीत, उतरत नाहीत. गाडी उगाच थांबली म्हणून लोक वैतागतात.

ती उगाच थांबलेली नसते. उतारावर मुख्य मार्गातून एक फाटा निघून डोंगराकडे वर चढतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. ब्रेक निकामी झालेली गाडी खाली धावत सुटली तर ती त्या चढावर जाऊन थांबावी, ही योजना. गाडी ठरल्या जागी पूर्ण थांबली, म्हणजे माझे ब्रेक लागतात हे तिने स्वतःच दाखवून दिलं, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. लोको पायलट चोख आहे, गार्ड दक्ष आहे, डबे तपासणाऱ्यांनी डबे तपासले आहेत. तरी घाट त्यांच्या शब्दावर गाडी सोडत नाही.

रेल्वेची सुरक्षितता हीही सगळ्यांची जबाबदारी आहे. गँगमनपासून स्टेशनमास्तरपर्यंत. पण त्या वाटणीत तीन गोष्टी आहेत ज्या आपल्या चार पुस्तकांत नीट सापडत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला नाव आहे. थांबवण्याचा अधिकार ठरलेल्या जागी बसवलेला आहे. आणि काहीच सिद्ध झालं नाही तर काय होणार, याचं उत्तर ‘पुढे जा’ असं नसून ‘डोंगराकडे वळ’ असं आहे. सॉफ्टवेअरच्या बहुतेक रिलीजमध्ये सांधा नेमका उलटा लावलेला असतो : कोणी आरडाओरडा केला नाही तर गाडी सुटते.

या भागात अशी आणखी उदाहरणं आहेत. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९पासूनचं. ‘कर्जत ३’सारखी वाणं तिथून निघाली. पण वाण तयार करणाऱ्याच्या नुसत्या शब्दावर ते शेतकऱ्यांसाठी प्रसारित होत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या हंगामांच्या चाचण्यांतून ते जावं लागतं. खालापूर तालुक्यातल्या रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात, जिथे परिसरातली बी.एस्सी. झालेली मुलं ‘क्यूसी’त लागतात, तिथल्या औषध कंपन्यांना शेड्यूल एम लागू आहे. त्यानुसार गुणवत्ता नियंत्रणाचा विभाग उत्पादन विभागापासून स्वतंत्र असावा लागतो. औषधाच्या कारखान्यातही भिंतीवर ‘गुणवत्ता सगळ्यांची’ असं लिहिलेलं असू शकतं. बॅच बाहेर सोडायची की नाही हे मात्र उत्पादनाचा साहेब ठरवत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सॉफ्टवेअर म्हणजे आगगाडी नव्हे. ते थोड्या लोकांना आधी देता येतं, बिघडलं तर मागे घेता येतं. प्रत्येक बटणाच्या रंगासाठी मंकी हिलला थांबायचं ठरवलं तर कोणाचंच काम होणार नाही. आक्षेप मान्य, पण घाटानेच त्याचं उत्तर दिलेलं आहे. मुंबईपासून कर्जतपर्यंतच्या सपाटीवर असे सक्तीचे थांबे नाहीत. ते फक्त उतारावर आहेत. मुद्दा सगळं थांबवून तपासण्याचा नाही, उतार कुठे सुरू होतो हे ओळखण्याचा आहे. बटणाचा रंग सपाटीवर आहे. फायली पुसणारी आज्ञा, १७ लाख उत्तरपत्रिका, सगळ्या संगणकांना एकाच वेळी जाणारं अपडेट, हे उतारावर आहेत.

टेस्टरची बदललेली भूमिका मला इथे दिसते. प्रत्येक डबा ठोकून पाहणं हे काम आता डेव्हलपर आणि यंत्र करोत, बरं करतात. टेस्टरने उतारांचा नकाशा काढावा. कुठली चूक परत घेता येते, कुठली येत नाही. कोणाचं नुकसान मतमोजणीत दिसणार नाही. आणि त्या मोजक्या जागी सांधा त्याच्या हाती असावा, लेखी, नावानिशी. हे पद सल्लागाराचं किंवा ‘क्वालिटी कोच’चं नाही. कोचचं ऐकलं नाही तरी सामना चालू राहतो.

दार

शेवटचा मुद्दा पुस्तकांत कुठेच नाही, कारण ती लिहिणाऱ्यांच्या वाटेवर हे दार नव्हतं. नव्वदीनंतर महाराष्ट्रातल्या छोट्या गावांतून आयटीत शिरण्याची एक वाट टेस्टिंगची होती. मेकॅनिकलची पदविका, बी.एस्सी., कधी बी.कॉम.; त्यावर ठाण्यात नाहीतर पुण्यात केलेला काही महिन्यांचा टेस्टिंगचा कोर्स; मग पहाटेची कर्जत लोकल आणि ऐरोली किंवा पवई. कोडिंगच्या मुलाखतीत जे टिकले नसते अशांना या दाराने आत घेतलं, आणि त्यांतल्या कित्येकांनी सॉफ्टवेअरला अशी नजर दिली जी आतल्यांकडे नव्हती. नेट मध्येच तुटलं तर काय होतं, फोन जुना असला तर काय दिसतं, नाव देवनागरीत भरलं तर काय उमटतं, आडनावच नसलं तर फॉर्म पुढे जातो का, हे प्रश्न ज्याला रोज पडतात तोच ते विचारतो.

‘आता टेस्टिंग सगळेच करतात’ याचा व्यवहारातला अर्थ ‘आता फक्त कोड लिहिणाऱ्यांनाच घेतो’ असा झाला आहे. ‘मॅन्युअल’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. दार बंद झाल्याचं दुःख नोकरीपुरतं आहेच, पण त्याहून मोठं नुकसान सॉफ्टवेअरचं आहे. लिहिणारे आणि तपासणारे एकाच घडणीचे झाले की त्रिकोणाची शून्य लांबीची बाजू कोणालाच सुचत नाही.

म्हणून या साहित्याविषयीचं माझं मत असं : मायर्सचा संशय अजून ताजा आहे, त्याची भिंत शिळी झाली. डेमिंगचा तिसरा मुद्दा दहाव्यासकट वाचावा. क्रिस्पिन-ग्रेगरींचं पुस्तक टीमने वाचावं, पण त्यातली बरोबरी आपल्या कचेरीत आहे का, हे टेस्टरने आधी पाहावं. गूगलचं पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून वाचायला घ्यावं. आणि पाचवं पुस्तक अजून लिहिलं जायचं आहे : जबाबदारी वाटल्यावर अधिकार कसा वाटायचा, याचं. आपल्या शेतकऱ्यांना ते कळतं. सावडीने आवणी करताना हात सगळ्यांचे असतात, पण आज शेत कोणाचं आहे आणि ‘बास, इथे पाणी जास्त आहे’ असं कोणी म्हणायचं, हे बांधावरच्या प्रत्येकाला माहीत असतं.